औषधी वनस्पतींच्या अर्कातले दाहरोधक घटक कसे तपासतात? गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सत्तरी, सांगे, काणकोणचे वैद्य, फार्मसी आणि वनस्पतीशास्त्राचे विद्यार्थी, कुळागरं सांभाळणारे शेतकरी, पंचायतीतली मंडळी असे सगळेच या विषयावर विचारत असतात. त्यांचे प्रश्न आणि आमची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं बरीच लांबली आहेत, कारण निकाल फसतात ते तिथेच.

दाह म्हणजे काय आणि तुम्ही त्यातलं नेमकं काय तपासता?

काटा रुतला, जंतू शिरले किंवा सांधा दुखावला की शरीर त्या जागेचा रक्तपुरवठा वाढवतं आणि पांढऱ्या पेशी धाडतं. लाली, गरमपणा, सूज आणि ठणका ही त्याची बाहेर दिसणारी लक्षणं. हा बचावच असतो. तो वेळेवर थांबला नाही की त्रास सुरू होतो: संधिवात, दमा, आतड्यांचे जुनाट विकार.

हे सगळं रासायनिक निरोपांवर चालतं. कॉक्स नावाची विकरं (एन्झाइम) प्रोस्टाग्लँडिनं तयार करतात. लॉक्स विकरांमुळे ल्युकोट्राइनं तयार होतात. मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशी नायट्रिक ऑक्साइड, टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्युकिन-६ सोडतात. अॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखतं हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. अॅस्पिरिन त्याआधी सत्तरेक वर्षं लोक घेतच होते.

म्हणून ‘ही वनस्पती दाहरोधक आहे’ एवढं वाक्य अपुरं आहे. ती कुठला निरोप अडवते, किती मात्रेत अडवते आणि हे कशात पाहिलं, नळीत, पेशीत, प्राण्यात की माणसात, हे सांगितल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ येत नाही.

आमच्या वाड्यावर निर्गुंडीच्या पाल्याचा शेक पिढ्यान्‌पिढ्या देतात आणि गुडघे उतरतात. मग तपासायचं कशाला?

कारण तो शेक मनापासून गंभीरपणे घ्यावा असं आम्हाला वाटतं. शेकात ऊब असते, तेल असतं, मालिश असतं, दोन दिवसांची विश्रांती असते, आणि सांधेदुखी मुळातच कमी-जास्त होणारी असते. पाल्याचा वाटा किती, हे बाकीच्या गोष्टी बाजूला काढल्याशिवाय कळत नाही. निर्गुंडीच्या पानांत बाष्पनशील तेल आहे, कॅस्टिसिनसारखी फ्लेव्होनॉइडं आहेत, अॅग्नुसाइड आणि नेगुंडोसाइड हे इरिडॉइड घटक आहेत. यातला कोणता घटक काम करतो आणि तो शेकातून त्वचेपार जातो का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसरा प्रश्न फारच कमी लोक विचारतात.

उलट बाजूही लक्षात ठेवा. प्रयोगशाळेतली एक चाचणी नकारात्मक आली म्हणून वैद्यांचा अनुभव खोटा ठरत नाही. लेप, काढा आणि काचेच्या तबकडीतला मिथेनॉलचा अर्क या तीन वेगळ्या वस्तू आहेत.

गोव्यात तपासण्याजोगं काय काय आहे?

भरपूर आहे. पश्चिम घाटाचा उतार, लॅटराइटचे सडे, मांडवी-झुवारीकाठची खारफुटी आणि किनाऱ्यावरची वाळू हे सगळं एका छोट्या राज्यात मावतं. निर्गुंडी, भिरंड (कोकम), तिरफळ, सातवीण, कुडा, अडुळसा, पुनर्नवा, गुळवेल, शेवगा ही नावं सगळ्यांच्या तोंडी असतात. खारफुटीतली मारांडी मात्र दुर्लक्षित राहते. मिठाच्या पाण्यात, चिखलात, कडक उन्हात जगणाऱ्या झाडांची रसायनं डोंगरातल्या झाडांपेक्षा वेगळी असू शकतात, त्यामुळे विद्यार्थ्यांनी तिकडे वळावं असं मला मनापासून वाटतं.

चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली रानफळांची चौकट, बांधणाऱ्या घरांत रानातल्या वेली-फळांची जी ओळख अजून टिकून आहे, तीही मोलाची आहे. कवंडाळ कुठल्या ओहोळाकाठी मिळतं हे सांगणारी माणसं आपल्याकडे आहेत तोवर त्यांच्याकडून शिकून घ्या. बाहेरच्यांनाही या भूमीचं हे धन पूर्वीच कळलं होतं: गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने इथल्या औषधांवरचा आपला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला.

बाजारातून चूर्ण आणून तपासलं तर चालेल का?

नाही. चूर्णावरून झाड ओळखणं फार अवघड असतं. ‘रास्ना’ हेच उदाहरण घ्या. उत्तर भारतात या नावाने प्लुचिया लान्सिओलाटा विकतात आणि दक्षिणेत आल्याच्या कुळातलं अल्पिनिया. ‘पुनर्नवा’ म्हणून बोरहाविया डिफ्यूसाऐवजी दिसायला जवळची ट्रायन्थेमा येऊ शकते. आपल्या किनाऱ्यावर निर्गुंडीची सख्खी बहीण व्हायटेक्स ट्रायफोलिया वाढते, आणि घाईत पाला तोडणाऱ्याला ती निर्गुंडीच वाटते.

फुलं किंवा फळं असलेली फांदी दाबून वाळवा आणि तिची नोंद वनस्पतिसंग्रहात करून क्रमांक घ्या. गोवा विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागातल्या जाणकारांना दाखवा. शंका राहिली तर पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारता येतं. हा क्रमांक नसेल तर पुढचं सगळं काम कशावर केलं हे कुणालाच सांगता येणार नाही.

रानातून पाला तोडायला परवानगी लागते का?

म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला या अभयारण्यांतून वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय काहीही उचलू नका, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ तिथे लागू आहे. इतर ठिकाणी जमिनीच्या मालकाला आणि पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला विचारा. काम व्यापारी उत्पादनाच्या दिशेने चाललं असेल किंवा परदेशी संस्था त्यात असेल, तर जैवविविधता कायदा २००२ काय सांगतो ते आधीच समजून घ्या. या कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आहे, त्यामुळे जुन्या प्रबंधातून नियम उतरवून घेऊ नका. साळगावच्या राज्य जैवविविधता मंडळात चौकशी करा.

साल किंवा मूळ लागणार असेल तर आधी पानांत तोच घटक मिळतो का ते पाहा. सालीसाठी झाडाचं खोड सभोवार सोललं की ते झाड मरतं. नरक्या या झाडाची कॅम्प्टोथेसिन या कर्करोगाच्या औषधांत लागणाऱ्या घटकासाठी घाटात किती तोड झाली, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

पावसाळ्यात नमुना वाळवायचा कसा?

शक्यतो पाऊस ओसरल्यावर गोळा करा. पावसातच लागणार असेल तर सावलीत, पंख्याखाली, पातळ पसरून वाळवा किंवा ४० अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये ठेवा. गोव्याच्या दमट हवेत एका रात्रीत बुरशी धरते. बुरशी आणि जिवाणू फक्त पाला खराब करत नाहीत, चाचणीही बिघडवतात. कसे, ते पुढे येतंच. महिना, ठिकाण आणि झाडाचा कुठला भाग हे पिशवीवर पेन्सिलीने लिहा, कारण शाई पसरते.

काढा करायचा की मिथेनॉलमध्ये अर्क काढायचा?

दोन्ही करा. भिरंडाकडे पाहा म्हणजे कारण कळेल. आमसोलं पाण्यात भिजवली की लाल रंगाची अँथोसायनिनं आणि आंबट हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल पाण्यात उतरतं. सालीतलं पिवळं गार्सिनॉल मात्र पाण्यात जवळपास उतरत नाही, त्याला अल्कोहोल किंवा हेक्झेनसारखं विद्रावक लागतं. पेशींवरच्या प्रयोगांत दाहाचे निरोप कमी करणारा घटक म्हणून गार्सिनॉलचं नाव येतं. म्हणजे सोलकढी पिणाऱ्याच्या पोटात जे जातं आणि प्रबंधात ज्याचं कौतुक असतं, ते एकच असेल असं नाही.

उष्णतेचंही तसंच. चीनच्या तू योयो यांना हिवतापावरचं आर्टेमिसिनिन मिळालं ते जुन्या ग्रंथातली कृती पुन्हा वाचून, उकळणं सोडून कमी तापमानात इथरने अर्क काढल्यावर. वैद्य ‘ताजा रस काढा, शिजवू नका’ म्हणत असतील तर ते शब्दशः लिहून घ्या आणि तसाच अर्क आधी करा.

आमची नेहमीची पद्धत अशी: वाळलेली पूड क्रमाने हेक्झेन, इथिल अॅसिटेट, मिथेनॉल आणि पाण्यात भिजवायची, गाळायची, कमी दाबाखाली विद्रावक उडवायचं आणि उरलेला अर्क वजन करून उणे २० अंशांत ठेवायचा. सोबत वैद्यांच्या पद्धतीचा एक काढा किंवा रस असतोच.

कॉलेजमध्ये अंड्याच्या बलकावरची चाचणी करतो. ती पुरेशी आहे का?

हात बसायला ठीक आहे. त्यात अंड्याच्या पांढऱ्या बलकाचं द्रावण अर्कासोबत सुमारे ७० अंशांपर्यंत तापवतात आणि गढूळपणा किती कमी झाला ते डायक्लोफेनॅक या सूज उतरवणाऱ्या औषधाशी ताडून पाहतात. पण शरीरातला दाह म्हणजे बलक गोठणं नव्हे. टॅनिन असलेला जवळजवळ कुठलाही अर्क प्रथिनांना चिकटतो आणि आकडा हलवतो. तांबड्या रक्तपेशींचं आवरण टिकवण्याच्या चाचणीलाही हीच मर्यादा आहे. या दोन चाचण्यांच्या बळावर ‘प्रभावी दाहरोधक’ असा निष्कर्ष छापणारे लेख ढिगाने निघतात आणि त्यांनी या विषयाचं नुकसान केलं आहे, असं माझं ठाम मत आहे.

मग भरवशाची पहिली चाचणी कोणती?

बहुतेक प्रयोगशाळा ‘रॉ २६४.७’ या उंदराच्या मॅक्रोफेज पेशी वापरतात. ९६ खाचांच्या तबकडीत पेशी वाढवतात, तासभर आधी अर्क देतात, मग जिवाणूंच्या आवरणातलं लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे एलपीएस, घालून पेशींना चेतवतात. साधारण २४ तासांनी वरचं द्रव काढून त्यात ग्रीस अभिकर्मक मिसळतात. नायट्रिक ऑक्साइडचं नायट्राइट झालेलं असतं, त्यामुळे गुलाबी रंग येतो. तो ५४० नॅनोमीटरवर मोजतात. त्याच द्रवात एलायझा या प्रतिपिंडं वापरणाऱ्या चाचणीने टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्युकिन-६ ही मोजता येतात.

तबकडीत अर्काशिवायही बरंच काही हवं: नुसत्या पेशी, एलपीएस दिलेल्या पेशी, एलपीएस आणि डेक्सामेथॅझोन हे दाह रोखणारं ज्ञात औषध दिलेल्या पेशी, अर्क ज्यात विरघळवला ते नुसतं डीएमएसओ हे विद्रावक तितकंच दिलेल्या पेशी, आणि एलपीएसशिवाय नुसता अर्क दिलेल्या पेशी. शेवटची जोडी जागा वाचवायला गाळली जाते. ती गाळू नका.

नायट्राइट निम्म्यावर आलं! अर्क चालला ना?

अजून नाही. अर्काने काहीच केलं नसतानाही आकडा खाली येण्याची अनेक कारणं असतात, आणि चांगला संशोधक आपल्याच निकालावर ती एकेक करून लावून पाहतो.

पहिलं, पेशी मेल्या का? मेलेली पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडत नाही. विषारी अर्क या चाचणीत उत्तम दाहरोधक दिसतो. म्हणून त्याच मात्रेला पेशींची जिवंतता तपासलीच पाहिजे. त्यासाठी एमटीटी वापरतात, ज्यात जिवंत पेशी पिवळ्या द्रव्याचं जांभळं फॉर्मझान करतात. पण पॉलिफेनॉलं एमटीटीचं हे रूपांतर पेशींशिवायही करू शकतात, आणि मग मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. बिनपेशींच्या खाचेत अर्क आणि एमटीटी घालून बघा, शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहा.

दुसरं, रंग. हळदीचा किंवा भिरंडाचा अर्क स्वतःच रंगीत असतो. ग्रीस न घातलेल्या खाचेचं वाचन वजा करा.

तिसरं, रसायन. ठरावीक सोडियम नायट्राइटमध्ये अर्क मिसळून ग्रीस लावा. आकडा तिथेही घटला तर अर्क चाचणीलाच अडवतो आहे, पेशींचा संबंध नाही.

चौथं, आम्ल. आमसोलाच्या पाण्याने पेशींचं गुलाबी माध्यम पिवळं पडतं. मग तुम्ही आंबटपणाचा परिणाम मोजत असता. सामू आधी जुळवून घ्या.

पाचवं, अँटिऑक्सिडंट घटक तयार झालेलं नायट्रिक ऑक्साइड नुसतं टिपून घेत असतील. ते तयार करणारं विकर खरंच कमी झालं का, हे वेस्टर्न ब्लॉट या प्रथिनं मोजणाऱ्या पद्धतीने किंवा आरएनए मोजून दिसतं.

सहावं सगळ्यात छुपं आहे. पाल्यावर वाढलेल्या जिवाणूंचं एलपीएस तुमच्या अर्कातच असू शकतं, आणि ते उकळूनही सहज जात नाही. मग नुसता अर्क दिलेल्या पेशी चेतवल्या जातात आणि कुणीतरी ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी वनस्पती’ म्हणून जाहीर करतं. अर्काची लिम्युलस चाचणी करा, ती एलपीएस आहे का ते दाखवते. एलपीएसला बांधणारं पॉलिमिक्झिन-बी घातल्यावर परिणाम नाहीसा होतो का, तेही पाहा.

हे सगळं ओलांडून आकडा टिकला, वेगळ्या दिवशी वाढवलेल्या पेशींवर पुन्हा तसाच आला आणि मात्रा वाढवताना परिणामही चढत गेला, तर आनंद करा.

आयसी-५० म्हणजे काय आणि किती असली तर चांगली?

परिणाम निम्म्यावर आणणारी मात्रा. ती जितकी कमी तितका अर्क जोरकस. कच्चा अर्क मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमच्या आत काम करत असेल तर पुढे न्यावा. ५०० च्या पुढे जाऊन मिळालेला परिणाम मी तरी फारसा मनावर घेत नाही, कारण तेवढं द्रव्य रक्तात पोचणंच कठीण. पेशी मारणारी मात्रा आणि दाह रोखणारी मात्रा यांत किती अंतर आहे, तो आकडा आयसी-५० च्या शेजारीच छापा.

हळदीचं तर सगळं सिद्ध झालंय ना?

तबकडीत हळदीतलं कुर्क्युमिन जवळजवळ प्रत्येक चाचणीत चालतं, आणि नेमकी तीच काळजीची गोष्ट आहे. ते स्वतः रंगीत आहे, प्रकाशमान होतं, प्रथिनांशी जोडलं जातं, पाण्यात लवकर मोडतं आणि तोंडावाटे घेतल्यावर रक्तात फार थोडं पोचतं. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांनी याचा सविस्तर आढावा घेऊन त्याला अस्थिर आणि अनेक चाचण्यांना चकवणारा रेणू ठरवलं. हळदीचे इतर घटक किंवा अख्खी हळद निरुपयोगी आहे असा याचा अर्थ होत नाही. तुमच्या नव्या अर्कातून ‘सगळ्या चाचण्यांत चालणारा’ घटक निघाला तर आधी संशय घ्या, एवढं मात्र नक्की.

उंदरांवर प्रयोग करावाच लागतो का?

प्रत्येक अर्काला नाही, आणि पदवीच्या प्रकल्पासाठी तर नकोच. प्रचलित पद्धत १९६२ सालची आहे: मोठ्या उंदराच्या मागच्या पंजात कॅरागीनन या सूज आणणाऱ्या द्रव्याचं १ टक्का द्रावण ०.१ मिलिलिटर टोचतात आणि सूज तासागणिक मोजतात. सुरुवातीची सूज हिस्टामिन आणि सेरोटोनिनमुळे असते, तिसऱ्या-चौथ्या तासाची मुख्यतः प्रोस्टाग्लँडिनांमुळे. म्हणून कोणत्या तासाला फरक पडला यावरून अर्क कुठे काम करतो याचा अंदाज येतो. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आधी लागते. पेशींवरच्या शंका फिटण्याआधी प्राण्याला वेदना देऊ नये, हे मी नियमापेक्षाही वरचं मानतो.

अर्कातला नेमका घटक कसा सापडतो?

अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग तपासायचा, चालणारा भाग पुन्हा विभागायचा. घटक वेगळे करायला स्तंभ, पातळ थराची पट्टी, एचपीएलसी, आणि शेवटी रेणू ओळखायला वस्तुमान वर्णपट व एनएमआर. वाटेत बरेचदा ज्ञात रेणूच हाती येतो: ल्युटिओलिन, अर्सोलिक आम्ल, क्वर्सेटिन. हे लवकर ओळखता यावं म्हणून सुरुवातीलाच वस्तुमान वर्णपट घ्या, म्हणजे वर्ष वाया जाणार नाही.

कधी कधी भाग पाडत गेलं की गुणच नाहीसा होतो. घटक मोडला असेल, स्तंभाला चिकटून बसला असेल, किंवा अनेक घटक मिळून काम करत असतील. बांगड्याच्या उड्डमेथीतलं तिरफळ वेगळं काढून चाखलं तर उड्डमेथीची चव लागत नाही. अशा वेळी भाग पुन्हा एकत्र करून तपासा. गुण परत आला तर ती दखल घेण्याजोगी गोष्ट आहे.

माहिती देणाऱ्या वैद्यांचं काय? पेटंट कुणाचं?

काम सुरू होण्याआधी त्यांच्याशी लेखी ठरवा: नाव द्यायचं का, कुठली माहिती छापायची, लाभ झाला तर वाटा कसा. लोकजैवविविधता नोंदवहीत ती माहिती आहे का, तेही बघा. हळदीने जखम भरण्यावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिलं गेलं होतं. भारताच्या सीएसआयआर या सरकारी विज्ञान संशोधन परिषदेने जुने लेखी पुरावे सादर केले आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. लिहिलेलं होतं म्हणून वाचलं. पण तोंडी ज्ञान बेजबाबदारपणे छापलं तर ते गावाच्या हातातूनही जातं, म्हणून छापण्याआधी विचारणं महत्त्वाचं.

श्रेय देण्याची जुनी परंपराही आपल्याजवळ आहे. डच गव्हर्नर व्हान रीडच्या ‘हॉर्टस मलबारिकस’च्या १६७८ च्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोचीनच्या कोकणी वैद्यांचं निवेदन त्यांच्या नावांसह नागरीत छापलेलं आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी जे जमलं ते आजच्या प्रबंधात जमायला हरकत नाही.

तुमचा निकाल चांगला आला तर मी तो काढा घेऊ का?

आमच्या निकालावरून घेऊ नका. तबकडीतला गुण आणि माणसाला सुरक्षित मात्रा यांच्यामध्ये अनेक वर्षांचं काम असतं. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि वनस्पतीच्या ओळखीचा मुद्दाही पुढे आला. वाद काहीही असो, यकृताचा आजार असलेल्यांनी सावध राहावं. रक्त पातळ करणाऱ्या, मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना आणि वैद्यांना, दोघांनाही सगळं सांगा. बिब्बा घरी हाताळू नका, त्याच्या तेलाने कातडी भाजते.

आणि एका निरोपाला अडवणं म्हणजे आपोआप सुरक्षित असंही नाही. फक्त कॉक्स-२ ला रोखणारं रोफेकॉक्सिब हे औषध हृदयविकाराचा धोका वाढतो म्हणून २००४ मध्ये बाजारातून काढून घ्यावं लागलं.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी यातलं काय करता येईल?

भिरंडाच्या पाण्याचा रंग खायच्या सोड्याने बदलून दाखवा. पानाच्या अर्कातले रंग गाळणकागदावर वेगळे करा. परिसरातल्या दहा वनस्पतींचा संग्रह करून आजी-आजोबांकडून त्यांची नावं आणि उपयोग लिहून आणा. ‘औषध शोधलं’ असा फलक मात्र लावू नका.

चाचणीत काहीच निघालं नाही तर?

तेही वैद्यांना जाऊन सांगायचं, स्पष्ट शब्दांत: कुठल्या महिन्यातला पाला, कुठलं विद्रावक, कुठली मात्रा, कुठल्या निरोपावर परिणाम दिसला नाही. पुष्कळदा ते लगेच विचारतात, ‘पण तुम्ही फुलोऱ्याआधीचा पाला का घेतला?’ हा प्रश्न वहीत लिहा आणि पुढच्या मोसमात त्यांच्यासोबत जाऊन नमुना घ्या. उपयोग वेदनेवर असेल तर दाहाची चाचणीच कदाचित चुकीची होती. वेदना रोखण्याच्या किंवा स्नायू सैल करण्याच्या वेगळ्या चाचण्या आहेत, त्या करणाऱ्या प्रयोगशाळेकडे उरलेला अर्क संग्रह-क्रमांकासह पाठवा. नकारात्मक निकाल प्रबंधाच्या परिशिष्टात आकड्यांसकट द्या, म्हणजे पुढच्या विद्यार्थ्याला त्याच पाल्याचा तोच अर्क पुन्हा काढावा लागणार नाही.